बिनदेखभालीची फळी

माणसाने सत्तरी ओलांडली की त्याच्याजवळ मतांचा साठा वाढत जातो आणि गिऱ्हाईक मात्र कमी होत जाते. म्हणून गेल्या वर्षी, २०२४ च्या मे महिन्यात, आम्ही उभयता न्यू जर्सीला मुलाकडे गेलो आणि तिसऱ्याच दिवशी चहाच्या वेळी त्याने विचारले, “बाबा, यंदा डेक नवा करायचाय. लाकडाचा करावा की कॉम्पोझिटचा?” तेव्हा मला जो आनंद झाला, तो काही निव्वळ पितृप्रेमाचा नव्हता. बांधकाम खात्यात तेहेतीस वर्षे ओव्हरसियरकी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कोणीतरी लाकडाबद्दल विचारीत होते! मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, “लाकडाचाच. त्यात विचारायचं काय?”

हे उत्तर देण्यापूर्वी तो डेक मी नीट पाहिलाही नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

डेक म्हणजे परसदारची उघडी ओटी. तिकडच्या घरांना खाली तळघर असते, त्यामुळे घराची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा दोन-चार फूट वर राहते. स्वयंपाकघराचे मागचे दार उघडावे तर पायाखाली काहीच नाही. म्हणून तिथे खांब उभे करतात, खांबांवर तुळई, तुळईवर वासे आणि वाशांवर फळ्या ठोकतात. ना भिंत, ना छप्पर. बर्फाचे दिवस सरले की सारे घर या फळ्यांवर राहायला येते. चहा तिथे, जेवण तिथे, पोरांचा दंगा तिथे आणि शेजाऱ्याशी हवापाण्याच्या गप्पाही तिथेच. थोडक्यात म्हणजे आमच्या राजापूरकडचे खळे त्यांनी जमिनीवरून उचलून लाकडावर ठेवले आहे.

मुलाचे घर १९९६ सालचे आणि डेकही तेव्हाचाच. बारा फूट बाय सोळा फूट. फळ्या राखी पडल्या होत्या, कडेला चिरल्या होत्या. नात अनवाणी धावली की आठवड्याला एक कुसळ ठरलेले. मी एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि डेकच्या खाली शिरलो. लाकूड डोळ्यांनी पाहायचे नसते, टोचून पाहायचे असते. वरच्या फळ्या वाटल्या तेवढ्या वाईट नव्हत्या. पण डेक जिथे घराच्या भिंतीला जोडला होता, तिथल्या आडव्या पाटात स्क्रू-ड्रायव्हर लोण्यात सुरी जावी तसा गेला. बाहेर काढला तर टोकाला ओला, तपकिरी भुगा. भिंतीवरून ओघळलेले पाणी वर्षानुवर्षे तिथेच मुरत होते आणि तो पाट नुसत्या खिळ्यांनी ठोकलेला होता. डेक कोसळतात ते बहुधा याच सांध्यात. आता तिथे जाड बोल्ट लागतात आणि पाणी आत जाऊ नये म्हणून वरून पत्रा मुडपून बसवावा लागतो.

मी बाहेर आलो आणि मुलाला म्हटले, “तू वरच्या फळीची काळजी करतोयस. तुझं घर खालच्या फळीवर उभं आहे.” माझे वाक्य मलाच फार आवडले. जेवताना मी ते पुन्हा एकदा म्हटले.

जुने लाकूड निघेल ते फेकू नये, शेगडीत घालावे, कांदेबटाटे भाजायला उपयोगी पडेल, असा माझा दुसरा सल्ला होता. कोकणात लाकूड फेकतात हे कोणी ऐकले आहे? मोडक्या नांगराचेसुद्धा शेवटी पाणी तापते. पण मुलगा एकदम ओरडला, “बाबा, ते जाळायचं नाही!” ते पाइनचे लाकूड कीड आणि कुज लागू नये म्हणून दाबाखाली औषध पाजलेले होते आणि त्या काळी त्या औषधात क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक असे. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल! अमेरिकेत घरगुती कामासाठी असे लाकूड बनवणे २००३ सालच्या अखेरीस थांबले. जाळले तर सोमल राखेत उतरतो. मी ज्याच्यावर वांगे भाजायला निघालो होतो, ते लाकूड गावाच्या कचऱ्याच्या जागीसुद्धा सांगून-सवरून द्यावे लागते.

पुढल्या शनिवारी आम्ही लाकडाच्या वखारीत गेलो. वखार म्हणजे लाकडाचे गावच. पण मला तिथे पहिला धक्का बसला तो मापाचा. ‘दोन बाय दहा’ म्हणून विकतात तो वासा प्रत्यक्षात दीड इंच बाय सव्वानऊ इंच. रंधून आणि वाळवून कमी झालेले माप, पण नाव ओल्या लाकडाचे. आमच्या खात्यात कोणी असे माप वहीत लिहिले असते तर त्याची चौकशी लागली असती. तिथे तो रिवाज आहे.

पाइन होता, आता त्याला सोमलाऐवजी तांब्याची औषधे पाजतात. ती माणसाला पुष्कळच सोसतात, पण साध्या लोखंडाला खातात, म्हणून खिळे-स्क्रू जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस घ्यावे लागतात. पश्चिम किनाऱ्यावरचा तांबूस सीडर होता. त्याच्या गाभ्यातच कीड दूर ठेवणारे द्रव्य असते आणि वास असा की मी फळी नाकाशी धरून बराच वेळ उभा राहिलो. दक्षिण अमेरिकेतले इपे होते. इतके घट्ट की त्याचा तुकडा बहुधा पाण्यात बुडतो. ते रानात तुटता तुटता इतके कमी झाले की नोव्हेंबर २०२४ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचे बंधन आले आहे.

आणि कॉम्पोझिट होते. लाकडाचा बारीक भुसा आणि प्लास्टिक साधारण निम्मेनिम्म घ्यायचे, तापवायचे आणि चकलीच्या सोऱ्यातून पीठ काढावे तसे साच्यातून दाबून काढायचे, की झाली फळी. प्लास्टिक पुष्कळदा जुन्या पिशव्या आणि वेष्टने यांचेच असते. पहिल्या पहिल्या फळ्यांत भुसा उघडा राही, पाणी पिई आणि त्यावर बुरशीचे काळे ठिपके येत. म्हणून आता वरून प्लास्टिकची पातळ कातडी चढवतात आणि तिच्यावर लाकडाच्या रेषा उमटवतात. मी चार फळ्या शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. त्याच रेषा काही अंतराने पुन्हा भेटत होत्या. किंमत पाइनच्या दुप्पट-तिप्पट. हमी पंचवीस वर्षांची. आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत गुणवर्णन – ‘देखभाल नको.’

मी मनात म्हटले, देखभाल नको असे जगात काय आहे?

विक्रेत्याने सर्वांचे वीतभर नमुने दिले. घरी आल्यावर मी ते भर दुपारच्या उन्हात ओळीने मांडले. पाइन, सीडर, फिकट कॉम्पोझिट आणि गडद कॉम्पोझिट. दोन तासांनी मी आणि माझी सात वर्षांची नात अनवाणी परीक्षेला उतरलो. पाइन पास, सीडर पास. फिकट कॉम्पोझिटला तिने ‘ओके’ असा शेरा दिला. गडद फळीवर पाय ठेवताच मात्र “आई गं!” करून तिने उडी मारली. न्यू जर्सीत जन्मलेली पोर, पण पाय भाजल्यावर ओरडली ती मराठीतच. मी विजयी मुद्रेने सूनबाईंकडे पाहिले.

सूनबाईंनी दुसरी परीक्षा काढली. सकाळचे हळदीचे वरण तिने चमचा चमचा सगळ्या नमुन्यांवर ओतले. पुसल्यावर प्रत्येकावर कमीजास्त पिवळा डाग राहिला. मी ते चार दिवस उन्हात ठेवले. पाचव्या दिवशी एकावरही हळद दिसेना. हळद उन्हात उडते हे आमच्या आईला ठाऊक होते. तिने रसायनशास्त्राचे नावही ऐकले नव्हते. परीक्षा बरोबरीत सुटली.

तरी मी त्या रात्री जेवणानंतर लाकडाच्या बाजूने व्याख्यान दिले. ते मला अजून जवळजवळ पाठ आहे. लाकडाला चरा पडला तर रंधा मारता येतो. कॉम्पोझिटची कातडी फाटली की फाटली. लाकूड आडवे फुगते, पण लांबीला जवळजवळ वाढत नाही; कॉम्पोझिट उन्हाने लांबीलाच वाढते, म्हणून टोकांना फटी ठेवाव्या लागतात. साधे सीडर शेवटी मातीत मिळून जाते. कॉम्पोझिट ना जाळता येते, ना कुजते. लाकडाला वास आहे, स्पर्श आहे, वय आहे. मी वडिलांच्या माडीचे उदाहरण दिले. फणसाच्या फळ्या, ऐनाचे वासे आणि त्यांना दर दोन-तीन वर्षांनी काजूच्या टरफलाचे तेल. शंभर वर्षे वाळवीची हिंमत झाली नाही!

सूनबाई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही म्हणता ते सगळं मला पटतं. मलाही लाकूडच आवडतं. फक्त एक सांगा. दर दुसऱ्या उन्हाळ्यात ते घासून त्याला तेलपाणी करायचं कोणी?”

“सगळ्यांनी मिळून,” मी म्हणालो.

“सगळ्यांनी मिळून म्हणजे मी.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने नुसता हिशेब सांगितला. आधी सगळे सामान खाली उतरवायचे. मग औषधाच्या पाण्याने फळ्या धुवायच्या. मग दोन दिवस पाऊस येणार नाही असा मुहूर्त पाहून वाळू द्यायच्या. मग घासायच्या, झाडायच्या आणि गुडघ्यांना गाद्या बांधून, दोन फळ्यांमधल्या फटीफटीत ब्रश घालून रंग द्यायचा. मागच्या खेपेला, २०२१ मध्ये, दोघांचीही नोकरी घरूनच चालली होती. पण मुलाच्या मीटिंगा संपत नव्हत्या आणि हिच्या मीटिंगा रात्री होत होत्या. डेक तिने एकटीने चार शनिवार-रविवारांत पुरा केला. मुलाने मान खाली घातली. तो एवढेच म्हणाला, “खरंय.”

कोणी काही बोलेना. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती, ज्या एवढा वेळ लसूण सोलत होत्या, म्हणाल्या, “मला आपल्या सासूबाई आठवल्या.”

आणि मग मला आठवू नये असे वाटणारे सगळे आठवले.

आमचे खळे मातीचे होते. पावसाळ्यात ते धुपून जाई, गवत माजे. पाऊस ओसरला की दिवाळीच्या आधी ते नव्याने करावे लागे. गवत खणायचे, माती घालायची, पाणी शिंपायचे, चोपण्याने चोप चोप चोपायचे आणि मग शेणाने सारवायचे. चोपण्याचा तो धपधप आवाज ऐकला की आम्हा पोरांना दिवाळी आली असे वाटे. आईला काय वाटे, हे आम्ही कधी विचारले नाही. ती आणि एक गडीण, दोघी ओणव्या होऊन ते खळे करीत. पुढे आठवड्याला सारवण वेगळे. वडील ओटीवरच्या झोपाळ्यावरून कुठे चढ राहिला, कुठे उतार राहिला ते सांगत. सारवलेल्या जमिनीच्या गारव्यावर ते फार सुंदर बोलत असत.

१९७९ साली मी नोकरीत कायम झालो आणि पहिल्याच दिवाळीच्या सुटीत सिमेंटची पोती घेऊन घरी गेलो. खळ्याला कोबा करायचा! वडिलांना ते पसंत नव्हते. “उन्हात सगळ्यांचे पाय भाजतील,” एवढेच ते म्हणाले. मी ऐकले नाही. कोबा झाला. त्या संध्याकाळी आई त्यावर बसली, तळहाताने तो चाचपून पाहिला आणि म्हणाली, “चांगलं झालं हो. आता दिवाळीला मलाही इतरांसारखं नवं नेसून बसता येईल.”

ही गोष्ट मी आजवर अनेकांना सांगितली आहे. तिच्यात वडील जुन्या वळणाचे, मी सुधारक आणि आई सुखी. पण ती मी नेहमी इथेच थांबवतो. पुढची गोष्ट अशी, की कोबा चैत्र-वैशाखात रात्री नऊपर्यंत तापलेला राही आणि संध्याकाळी खळ्यात बसणे बंद झाले. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरू लागले. मातीत पाय रुतत, पण घसरत नसत. १९८६ च्या श्रावणात आई फुले काढायला गेली आणि त्या शेवाळावरून घसरली. मांडीचे हाड मोडले. ती पुन्हा चालली, पण काठीनेच.

“मी सांगितलं होतं,” असे वडील मला कधीही म्हणाले नाहीत. मात्र पुढच्या पावसाळ्यापासून, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी खराटा हातात घेतला. दर चार दिवसांनी पावसाची उघडीप पाहून ते सबंध खळे घासून काढीत. झोपाळा रिकामा असे. १९९४ मध्ये ते गेले, तोवर हा क्रम एकही पावसाळा चुकला नाही.

हे सगळे मी त्या रात्री न्यू जर्सीत बोलून दाखवले. मुलाने ही अर्धी गोष्ट प्रथमच ऐकली. मी म्हणालो, “म्हणजे माझे वडील बरोबर होते.”

“तसं नव्हे,” सौभाग्यवती म्हणाल्या. लसूण सोलून झाला होता. “तुम्ही दोघांनीही सासूबाईंना विचारलं नव्हतं. मामंजींना सारवणाचा गारवा हवा होता नि तुम्हाला सिमेंट येतं हे दाखवायचं होतं. त्यांना मातीही चालली असती नि कोबाही चालला असता. कोणी हाताशी आलं असतं, तर.”

पंचेचाळीस वर्षे मी स्वतःला आईच्या बाजूचा समजत होतो आणि त्या रात्री कळले, की मी फळीवर, मातीवर आणि सिमेंटवर बोलत आलो आहे. झोपाळा तेवढा बदलला. लाकडाच्या वासावर मी जे बोललो ते खोटे नव्हते. पण जो वास घेतो तोच ब्रश धरतो, असे थोडेच असते!

मी सूनबाईंना विचारले, “तुला काय हवंय?”

तिने उत्तर तयार ठेवले होते. बहुधा बरेच दिवस ठेवलेले असावे. “वर कॉम्पोझिट. फिकट रंगाचं, म्हणजे हिचे पाय भाजणार नाहीत. आणि बसायला सीडरचा एक लांब बाक. त्याचं तेलपाणी पुरुषमंडळींकडे.”

जुलैमध्ये काम झाले. जमिनीतले पाणी हिवाळ्यात गोठते आणि उथळ पाया वर उचलते, म्हणून खांबांचे खड्डे तीन फूट खाली नेले. काँक्रीट ओतण्यापूर्वी नगरपालिकेचा तपासनीस स्वतः खड्डे पाहून गेला. त्याने टेप लावला तेव्हा मला भरून आले. खालचा सांगाडा लाकडाचाच झाला, कारण वर काहीही घाला, कॉम्पोझिट वाशाचे काम करू शकत नाही. भिंतीच्या सांध्याला बोल्ट आणि पत्रा लागला. तो सबंध दिवस मी तिथे खुर्ची टाकून बसलो होतो. मिस्त्री मला भलताच कंटाळला असावा.

‘देखभाल नको’ या पाटीची परीक्षा ऑक्टोबरात झाली. मेपलची पाने गळू लागली, फटींत अडकून भिजली आणि तिथे काळसर बुरशीचा चिकटा दिसू लागला. फळी कुजत नाही हे खरे, पण तिच्यावरचा कचरा कुजतो. पाने झाडायला हवीत आणि साबणाच्या पाण्याने घासायला हवे. चार शनिवार-रविवारांचे काम अर्ध्या तासावर आले, पण ते संपले नाही. भारतीय वाण्याच्या दुकानात नारळाच्या हिरांचा खराटा मिळाला. मी तो घेऊन झाडायला लागलो तेव्हा मुलाने काही न बोलता माझ्या हातातून काढून घेतला. मी आणि नातीने मिळून सीडरच्या बाकाला तेल दिले. तिने अर्धे तेल स्वतःच्या फ्रॉकला दिले.

दिवाळीला पणत्या लावल्या. प्लास्टिकची कातडी उष्णतेने मऊ पडते, म्हणून न्हाणीघराच्या उरलेल्या फरश्या मांडून त्यांवर पणत्या ठेवल्या. बाकावर सासू-सून नवीन साड्या नेसून, पाय लांब करून बसल्या होत्या आणि आम्ही दोघे बापलेक आतून फराळाच्या बश्या आणत होतो.

नोव्हेंबरात आम्ही परतलो. या उन्हाळ्यात मी मुलाला फोनवर विचारले, “बाकाला तेल दिलंस का?” “या शनिवारी नक्की, बाबा,” तो म्हणाला. तेहेतीस वर्षे सरकारी बांधकामात काढलेल्या माणसाला ‘या शनिवारी नक्की’ म्हणजे काय ते कळते. मी सूनबाईंना फोन द्यायला सांगितला.

“बाक राखी पडत चाललाय, बाबा,” ती हसून म्हणाली. “पण मी हात लावलेला नाही.”

“लावूही नकोस,” मी म्हणालो.